कप्तानाच्या पोटातलं सोवळं

गणेशचतुर्थीच्या दिवशी अख्ख्या वाडीचे गणपती ताटकळत ठेवण्याचा मान आमच्या गावात आजवर एकाच माणसाला मिळाला आहे. तो माणूस मी.

तसा मी निरुपद्रवी गृहस्थ आहे. बँकेतून निवृत्त झालो, रत्नागिरीजवळ गावच्या घरी येऊन राहिलो, कलमांना शेणखत घालतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. व्यसन एकच. जुनी धुलाईयंत्रं! साधी नव्हेत हं. ज्या पिंपात कपडे धुतले त्याच पिंपात वाळवून हातात देणारी, आपल्या जन्माच्या आसपासची, परदेशी! (हसू नका. जुन्या मोटारीवर जीव टाकणाऱ्याला तुम्ही रसिक म्हणता, मग आम्हीच काय घोडं मारलंय?) मोबाईलवर आमचं 'धुवा-वाळवा रसिक मंडळ' आहे. नाशिकचे गोडबोले अध्यक्ष. सांगलीच्या कुलकर्णीबाई नुसता पिळण्याचा आवाज ऐकून यंत्राचं साल सांगतात. कुणाच्या दाराचं रबर फाटलं, तर आम्ही सगळे मिळून हळहळतो.

माझं यंत्र माझ्या मेहुण्यानं आणलं. तो जहाजावर इंजिनखात्यात आहे. भंगारात निघालेल्या एका जहाजातल्या कप्तानाच्या केबिनमधून त्यानं ते सोडवलं आणि टेम्पोत घालून भाट्याच्या पुलावरून आमच्याकडे आणलं. साय-रंगाचं अंग, गोल काचेचं दार, काचेला चकचकीत कडं आणि वर मधोमध फिरवायची एकच काळी चावी. चौघांनी उचलून मागच्या पडवीत बसवलं. बायकोनं त्याचं नाव 'कप्तान' ठेवलं.

"माझा पाटा-वरवंटा परसात पावसात भिजतोय, आणि हा कप्तान पडवीत!" असं ती दिवसातून एकदा तरी म्हणते.

चावीभोवतीची अक्षरं जर्मन. म्हणून मी चार चिठ्ठ्या लिहून डिंकानं चिकटवल्या होत्या: धुणे, खळबळणे, पिळणे, वाळवणे. इतकं सोपं करून ठेवल्यावर चूक व्हायला जागा कुठे राहते?

तर चतुर्थीचा दिवस. पाऊस असा की समोरचा दगडी गडगा दिसेना. आमच्या गावाला भटजी एकच, काशिनाथभटजी. सकाळपासून वरच्या वाडीतले गणपती बसवून ते आमच्याकडे आले, ते नखशिखांत भिजून. सोवळ्याच्या धोतरातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आमचं उरकलं की त्यांना अख्खी खालची वाडी करायची होती. मध्यान्हीच्या आत सगळे गणपती बसले पाहिजेत, आणि नैवेद्य होईतो वाडीत कुणी घास तोंडात घालत नाही.

"चला नाना, बसा पाटावर," भटजी म्हणाले.

मी वडिलांचा रेशमी कद नेसून तयारच होतो. मुकाट बसायचं की नाही? पण भटजींना शिंक आली, आणि माझ्या आतला रसिक जागा झाला!

"भटजी, असे ओले बसू नका. आपल्याकडे यंत्र आहे. मोदक वाफेवर आहेत तोवर सोवळं कोरडं करून देतो."

"नको हो. पुढच्या घरी जाताना परत भिजणारच आहे."

"छे छे! निमोनिया झाला तर खालच्या वाडीनं कुणाकडे बघायचं?"

"अहो, त्यात काल तुमचे पायमोजे होते!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"पायमोज्यांनंतर मी रिकामं एकदा खळबळून घेतलंय!" मी ओरडलो. (खोटं. पण वेळ तशी होती.)

भटजी भिडस्त माणूस. मी त्यांना मागच्या पडवीत नेलंच. त्यांना माझा पंचा दिला, धोतर-उपरणं पिंपात टाकलं, दार लावलं, चावी 'वाळवणे' या चिठ्ठीसमोर आणली आणि दाबली. कप्तान गुरगुरला. मग आतून खळ्ळ असा आवाज आला. मला वाटलं, गरम हवा असेल.

भटजी काचेतून वाकून बघत होते. "नाना, पाणी येतंय."

"कुठे?"

"आत. आणि फेस."

फेस! कालच्या पायमोज्यांचा उरलेला साबण असणार. मी खाली वाकून चावी बघितली. श्रावणभरच्या दमट हवेनं डिंक सुटला होता. 'वाळवणे' ही चिठ्ठी तिच्या जागेवरून घसरत घसरत 'उकळून धुणे' अशा अर्थाच्या जर्मन अक्षरांवर येऊन स्थिर झाली होती!

"हे वाळतंय?" भटजींनी विचारलं.

"हो. आधी जरासं ओलं करून मग वाळवतं."

"मी ओलंच दिलं होतं."

मी चावी फिरवायला हात घातला, तेवढ्यात बाहेर खांबावर फट् आवाज झाला आणि घरातले सगळे दिवे गेले. कप्तान थांबला. काचेआड भटजींचं धोतर गरम पाण्यात तरंगत होतं. दार ओढलं. हलेना! (पाणी आत असेपर्यंत आणि पिंप गार होईपर्यंत ते उघडतच नाही. मंडळात या गोष्टीचं केवढं कौतुक आहे!)

"दुसरं सोवळं असेल की घरी?" मी धीर करून विचारलं.

"आहे. पण मघाशीच ओढ्यावरच्या साकवावरून पाणी गेलं. घर पलीकडे, मी इकडे, आणि धोतर त्यात."

"पंच्यावर नाही का होणार?"

"पंच्यावर प्राणप्रतिष्ठा? नाना, मी अजून इतका पुढारलो नाही."

मी मंडळाला शरण गेलो. सगळी हकीकत लिहिली आणि 'तातडीचे!!!' असं वर टाकलं. गोडबोल्यांचं उत्तर लगेच आलं: 'अभिनंदन! म्हणजे कुलूप मूळचंच आहे. बळजबरी मुळीच नको.' कुलकर्णीबाईंनी लिहिलं: 'लाइट जाताना थांबण्याचा आवाज रेकॉर्ड केलात का?' तिसऱ्यानं तेवढं कामाचं सांगितलं. खाली मागच्या बाजूला बूच असतं, ते काढून पाणी सोडा. मी यंत्रामागे सरपटत गेलो. बूच मिळालं. पिळलं. ते मीठ खाऊन गंजून बसलं होतं, समुद्रावर जन्म गेलेला त्याचा!

तोवर वाडीत बातमी पोचली. छत्र्या घेऊन माणसं यायला लागली. आधी एक, मग पाच, मग अंगण भरलं. पुढे खालच्या वाडीतला दत्ताराम.

"ओ नाना, भटजीनला सोडा की! आमच्याकडं पोरं मोदकांकडं बघत बसल्येत."

"मी धरून ठेवलेलं नाही रे, त्यांचं सोवळं अडकलंय."

"कशात?"

मी बोट दाखवलं. दत्तारामानं काचेला नाक लावलं. मग मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "भटजींचा धोतर शिजतोय."

"तुझ्याकडचं सोवळं दे ना," मी म्हटलं.

"एकच हाय. ते नेसून बाबा सकाळपासनं पाटावर बसल्येत. उठायचं नाय म्हनतात."

एक म्हातारी म्हणाली, मध्यान्ह टळली तर वर्षभर गावाला निस्तरावं लागेल, आणि तिनं हे माझ्याकडे बघत म्हटलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. त्याचं बघून सगळ्यांनी बघितलं. आजवर या माणसांनी मला वाकून नमस्कार केला होता, आणि यापुढे मला बघून ती रस्ता बदलतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणि मग गर्दी दुभंगली. माझी बायको आली. हातात पहार!

"व्हा बाजूला."

"अगं काच आहे ती! तशी काच आता जगात मिळत नाही!"

"आणि गणपती मिळतात?"

तिनं पहार उचलली. मी कप्तानाला पाठीशी घालून हात पसरून उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोपुढे छाती काढून मी उभा राहिलो तो पहिल्यांदाच, आणि तोही एका धुलाईयंत्रासाठी.

"थांबा वहिनी," भटजी म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे तोंडाकडे नव्हे, कमरेकडे. "नाना, कद चांगला आहे हो तुमचा."

"वडिलांचा आहे," मी अभिमानानं सांगितलं.

"सोडा."

"आँ?"

"सोडा, विहिरीच्या पाण्यात बुडवून काढा आणि मला द्या."

"पण भटजी, ओला?"

"ओलेत्याला दोष नसतो नाना. उभ्या गावात तो तुम्हाला एकट्यालाच दिसला."

दाराआड आमची अदलाबदल झाली. भटजींनी माझा ओला कद नेसला, मला त्यांच्या अंगावरचा पंचा मिळाला. तो आधीच आखूड होता, आता दमटही झाला होता.

"या अवतारात देवापुढे येऊ नका," बायकोनं बजावलं, आणि स्वतःच पाटावर जाऊन बसली.

"यजमान कुठे आहेत?" पुढच्या ओटीवर कुणीतरी विचारलं.

"पंच्यात," भटजी म्हणाले, आणि मंत्र सुरू झाले.

आमचा गणपती बसला. मला तीर्थ दाराच्या फटीतून मिळालं. मग भटजी जवळजवळ पळतच खालच्या वाडीकडे निघाले, मागून सगळ्या छत्र्या. थोड्या वेळानं एकेका घरातून घंटा ऐकू यायला लागल्या. दत्तारामाकडची शेवटची. मध्यान्हीच्या आत! मी पडवीत एकटा, भिंतीला टेकून बसलो होतो. खरं सांगतो, डोळे भरून आले.

आणि तेवढ्यात लाइट आले! कप्तानाचा लाल दिवा लागला. पिंप हललं, थबकलं, आणि डौलात फिरायला लागलं. काय तो आवाज! झालं गेलं सगळं विसरलो. मोबाईल काढला, समोर उभा राहिलो, काचेचा जवळून व्हिडिओ घेतला आणि 'संकट टळले!' असं लिहून मंडळाला पाठवला.

पहिला अभिप्राय गोडबोल्यांचा: 'अप्रतिम! काच मूळचीच आहे, शंकाच नको. प्रतिबिंब किती स्वच्छ पडलंय!'

प्रतिबिंब? मी व्हिडिओ पुन्हा लावला. चकचकीत कड्याच्या मधोमध, फेसाच्या पार्श्वभूमीवर, पोट पुढे काढून आणि आखूड पंचा एका हातानं सावरत मी उभा होतो. व्हिडिओ पुसायला गेलो, तर कुलकर्णीबाईंचा प्रश्न येऊन पडलाही होता: 'आत दिसतंय ते कुठल्या सालचं?'

खाली गोडबोल्यांनी उत्तर दिलं होतं: 'साल सांगणं कठीण. बांधा पार सैलावलाय, आवरण अपुरं आहे. पण मंडळी, अजून चालू स्थितीत आहे, हेच नवल!'