तरणा दिसावा म्हणून

परवा नातीला घरचं काजळ लावताना त्या तुपाच्या काजळीचा वास आला आणि मला येडशीच्या बाजारातला एक म्हातारा कुत्रा आठवला. बेवारस कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं खूळ तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं होतं. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली टोपली घेऊन बसलो की पिल्लं दुपारपर्यंत हातोहात जायची. हा पांढऱ्या तोंडाचा मात्र दर वेळी माझ्यासोबत परत यायचा. शेवटी बायकोनं बजावलं, "आता घरात हा तरी राहील, न्हाय तर तुम्ही." बैलबाजारात शिंगं घासून, तेल चोपडून बैल तरणा करतात हे बघतच मी वाढलेलो, म्हणून पुढच्या बाजाराला मीही त्याच्या तोंडाला घरचं काजळ फासलं. रामलिंगाच्या देवळाकडं शेतात एकटी राहणारी एक म्हातारी चिंचेखाली आली. "वय काय ह्याचं?" "दोन वर्षं असंल, मावशी. लई तडफदार!" तेवढ्यात तडफदार माझ्या पायावर डोकं टेकून घोरायला लागला. बैल पारखण्यात जन्म गेलेली ती. तिनं सरळ जबडा उघडून दात बघितले आणि आपला काळा झालेला अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "आरं मुडद्या, खरं सांगायला काय झालं हुतं? पिल्लू नेलं तर माझ्यामागं त्याला कोण बघंल? मला माझ्या जोडीचाच पायजे." पदरानं त्याचं तोंड पुसून ती चालायला लागली, आणि तो तिच्यामागं असा निघाला की माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. आजही कुणी कुत्र्याचं वय विचारलं आणि विचारणाऱ्याचे केस पांढरे दिसले, तर मी एखादं वर्ष वाढवूनच सांगतो.