स्लॅबला गेले आणि घमेली उचलून आले

मामेभाऊ संतोषचा फोन आला तेव्हा मी एका बिल्डरला सिमेंट कमी वापरा असं पटवत होते आणि तो बिस्किट चहात बुडवत होता. शहरातल्या इमारतींमुळे हवेत जाणारा कार्बन कमी कसा करायचा, हे सांगायचा मला पगार मिळतो. ऐकायचा पगार कुणालाच मिळत नाही, त्यामुळे माझी नोकरी तशी निवांत आहे.

"ताई, शनिवारी गावच्या घराची स्लॅब हाय. तू स्लॅबला यायचंच. तुझ्याबिगर व्हायची नाय."

मला भरून आलं. घराण्यात अखेर कुणीतरी माझा सल्ला विचारत होतं! मातीच्या भिंती आणि कौलं किती थंड, उभं घर पाडण्यापेक्षा दुरुस्त करणं किती शहाणपणाचं, यावर मी रंगीत स्लाइड केल्या. संतोषचं कौलारू घर वाचवायचं, या जिद्दीने लॅपटॉप पाठीला लावला आणि निघाले.

तिकडे पोलादपूरच्या बाजूला जाणार असाल तर सकाळची पॅसेंजर धरा आणि वीरला उतरा. महाडचं स्टेशन म्हणायचं, पण महाड तिथून बरंच लांब आहे. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसू नका. मी बसले आणि अर्धा प्रवास बाहेरूनच केला. महाडच्या स्टँडवर गरम वडापाव खाऊन पोलादपूरची एसटी पकडली. हायवे आता बराचसा सिमेंटचा झालाय. तोंडाने मी "किती हे सिमेंट" म्हणत होते आणि खड्डे लागत नाहीत म्हणून पाठ खूश होती. पोलादपूरहून वाडीपर्यंत जीप मिळते, भाडं मात्र चढण्याआधी ठरवून घ्या.

वाडीत पोचले तर घराला छप्परच नव्हतं. कौलं फणसाखाली रचलेली, नव्या भिंतींवर फळ्या ठोकून सळ्या बांधलेल्या, मिक्सर घरघरतोय, एका चुलीवर मटणाचं पातेलं आणि अख्खी वाडी अंगणात. स्लॅबला ये म्हणजे लग्नाला ये, तसं आमंत्रण होतं ते. सगळ्यांनी हात लावायचा आणि मग जेवायचं. सल्ला कुणी मागितलाच नव्हता.

"आलीस? बरं झालं," संतोष म्हणाला. "पिशवी ठेव आनि रांगेत उभी रा."

"अरे, मी लॅपटॉप आणलाय."

"तो नको. घमेलं घे."

आणि सिमेंटविरोधात भाषणं देणारी मी उन्हं उतरेपर्यंत हातोहात काँक्रीटची घमेली पुढे सरकवत राहिले. पुढची बाई, "अर्धंच भरा रं, मुंबैवाली हाय," असं ओरडली. त्याचा मला इतका राग आला की पुढचं घमेलं मी काठोकाठ भरून मागितलं. अजून खांदा दुखतोय.

जेवताना सुरेखा, म्हणजे संतोषची बायको, माझ्या शेजारी बसली. तांदळाची भाकरी मोडताना तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"दर साली माकडं कौलं फोडतात," ती म्हणाली. "हे मुंबैला. वर चढनार कोन? मीच. गेल्या पावसात कौल बदलताना घसरले. शिडी बघितली की अजून तोंड फिरवते, ताई."

कौलांच्या थंडाव्यावर माझ्याकडे अकरा स्लाइड होत्या. माकडांवर एकही नव्हती. मला माझीच लाज वाटली. विषय बदलावा म्हणून मी आमच्या ठाण्याच्या बिल्डिंगबद्दल सांगू लागले. ती पाडून टॉवर होणार आणि आम्हाला एक खोली जास्त मिळणार. माझंही मत पाडायच्याच बाजूने होतं. हो, माझंच.

"गळते काय बिल्डिंग?" सुरेखाने विचारलं.

"नाही गं."

"माकडं?"

"छे!"

"मग पाडताव कशाला?"

ती खवचटपणे विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी पुन्हा रस्सा वाढून घेतला.

परतताना महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर हमखास थांबा. घमेली उचलली नसतील तरीही. खांदे जरा सैल झाले, प्रश्न मात्र तसाच राहिला.

रविवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम या क्षेत्रातल्याच आहेत, त्यांचा पाठिंबा गृहीत धरू." मी उठले. स्लाइड आठवेनात. तोंडातून निघालं ते एवढंच, "गळतं का आपलं? माकडं आहेत का?" मोठा हशा पिकला. मग तळमजल्यावरचे काका म्हणाले, "विचारतेय ते बरोबर आहे. आधी दुरुस्तीचा अंदाज तरी काढू." पाडायचा ठराव लांबणीवर पडला. जादा खोलीत नवऱ्याचा कॅरम यायचा होता. नवरा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

परवा धो धो पावसात सुरेखाचा फोन आला. "ताई, अवंदा एकदाबी वर चढले नाय गो!" आयुष्यात प्रथमच सिमेंटबद्दल मला माया वाटली.

"तुमची बिल्डिंग पाडली काय?"

"अजून नाही."

"गळते?"

"नाही."

"मग ऱ्हावा की गप!"