माहेर पुण्याचं

नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आजवर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय.

जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, माहेर कुठलं? मी म्हणून गेले — पुण्याचं. का म्हणाले? मंगळवेढ्याजवळच्या आमच्या खेड्याची लाज वाटली, म्हणून. नवरा शेजारीच होता. तो खाली वाकून बूट घालत राहिला. मग ते पुणं सांभाळणं आलं. आईचा फोन आला की गॅलरीचं दार लावून घ्यायचे — तिच्याशी बोलताना तोंडात हाय-न्हाय यायचंच ना!

मग समोरच्या फ्लॅटमध्ये महादेवी आली, मंगळवेढ्याचीच. एकदा लिफ्टच्या दारात माझं बोट चेमटलं आणि मी ओरडले, "आगं आय गं, लई लागलं की!" तिने बोटावर फुंकर घातली आणि हसली. "ताई, तुमी बी आमच्याकडच्याच की! ऱ्हाऊ द्या, न्हाय सांगत कुनाला."

तिने खरंच सांगितलं नाही. पण माझ्या जिवाला घोर लागला. ती जिन्यात कुणाशी बोलताना दिसली तरी मी दाराआड कान देऊन उभी राहायचे. सांगून टाकलं तर?

त्या गणपतीत सोसायटीचं प्रहसन मी लिहिलं. खेड्यातली बाई माहेर पुण्याचं सांगते आणि तिची फजिती होते — असं. हे एकदा महादेवीच्या तोंडी घातलं, की पुढे तिने माझ्याबद्दल काही सांगितलं तरी कोण ऐकणार? नाटकातलंच बोलतेय म्हणतील. आणि बढाईखोरांची टर उडवणाऱ्यावर बढाईचा संशय कोण घेतं? लिहिणारा आपोआप सोवळा ठरतो.

मुख्य भूमिका मिळाली म्हणून ती हरखली. वही घेऊन पाठ करायला बसली आणि दुसऱ्या पानावर थांबली.

"ही बाई कोन वो, ताई?"

कुणी नाही, मनातली, असं मी म्हणाले. बरं म्हणून तिने पान उलटलं.

प्रयोगाला मी विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी होते. 'माझं माहेर पुण्याचं' या वाक्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली. तिने नुसतं बोट दाखवलं असतं तरी — मी वही तोंडासमोर धरली. बाई वाक्य विसरली, असं समजून समोरचे हसू लागले. मी ओळ सांगितली नाही. शेवटी तिनेच ती म्हटली, नीट, मी लिहिली होती तशी. लोकांची हसून पुरेवाट झाली.

तिच्यासाठी घाबरले होते का मी? नाही. माझं बिंग फुटेल, एवढीच भीती होती. आणि ती गप्प राहिली याचा मला — खरं सांगते — आनंद झाला.

तेव्हापासून सगळे तिला पुणेकरीण म्हणतात. भाजीवालासुद्धा. परवा पार्किंगमध्ये चौघी-पाचजणी उभ्या होतो. महादेवी स्कूटी लावत होती. कुणी काही बोलायच्या आत मीच हाक मारली, "काय पुणेकरीण!"

तिने मान वर केली, हाक कुणाची ते बघितलं, आणि ओ दिली.