कच्चं वगळा

पंचवटीतल्या एका खोलीत आम्ही हरसूलकडच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर ठेवायचो. फोल्डर दोन. गावात जसं ऐकलं तसं ‘कच्चे’मध्ये, खोकला, कोंबड्या, मधली शांतता कापून साफ केलेलं ‘पक्के’मध्ये. बॅकअप घेताना ‘कच्चे’ वगळायचं, हा हे काम चालवणाऱ्या सरांचा शिरस्ता. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की मागची कमांड जशीच्या तशी समोर यायची, वगळण्यासकट. एंटर मारलं की झालं. मला ते कधीच पटलं नव्हतं, पण बोलून वाईटपणा कोण घेणार?

एका दुपारी दोन्ही फोल्डर असलेली डिस्क खरखरायला लागली, पाट्यावर खडा सापडल्यासारखी. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता, आणि लोडशेडिंगची वेळ होत आली होती. यूपीएस केव्हाच मेलेला. बॅकअप शेजारच्या कॉम्प्युटरवर जायचा, पण तो नुकताच बिघडून नव्याने लावल्यामुळे आधीचं काही उरलं नव्हतं, आणि जागा होती ती एकाच फोल्डरपुरती.

माझ्याबरोबर काम करणारा हरसूलचाच होता. त्याच्या आईचं रेकॉर्डिंग फक्त ‘कच्चे’त होतं. ती गेल्यावर ते साफ करायला त्याने नकार दिला होता. “आयचा खोकला मी नाय कापणार,” म्हणाला होता. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

सर पुण्याला गेले होते. फोन लावला. “नेहमीसारखं करा,” ते म्हणाले. “कच्चं वगळा. पक्कं गेलं तर सगळी मेहनत पाण्यात.”

मी फोन ठेवला तसा तो हळूच म्हणाला, “सरांचं ऐका, ताई. एवढ्या लोकांचं काम हाय. माझ्या एकट्यापायी नका अडू.”

मला संताप आला, सरांपेक्षा त्याच्या समजूतदारपणाचा. “कच्च्यातून पक्कं पुन्हा करता येईल,” मी म्हटलं. “पक्क्यातून कच्चं कुणाचा बाप करणार?”

बाण दाबला. जुनी कमांड आली. वगळायच्या जागी ‘कच्चे’ खोडून ‘पक्के’ लिहिलं. एंटर मारलं. पडद्यावर एकेका फाइलचं नाव सरकू लागलं आणि मध्येच थांबलं. डिस्क नुसती खरवडत राहिली. त्याने उठून पंखा बंद केला, का कोण जाणे. मग नावं पुन्हा सरकली. त्याच्या आईचं नाव वर गेलं, पण काम शेवटाला जाईस्तोवर काही खरं नव्हतं.

शेवटचं नाव गेलं, कर्सर लुकलुकला आणि थोड्याच वेळात लाइट गेले. ती डिस्क नंतर सुरू झालीच नाही. सर बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

लाइट आल्यावर शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याने आईची फाइल लावली आणि हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला दिली. गाणं संपत आलं होतं. मग खोकला, एक कोंबडी, आणि ती म्हणाली, “झालं का रं तुझं? ठेव आता ते. भाकर गार व्हते.”

साफ करताना आम्ही हेच आधी कापलं असतं.

दुपार टळून गेली होती. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि डबा उघडला.