रुमालाखालचा सौदा

सलीम गेला हे मला अमरावतीत कळलं ते पेपरातल्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीतून. जाहिरात आमच्या अकोल्याच्या शेठची, आणि तिच्यात शेठचा फोटो सलीमच्या फोटोपेक्षा मोठा... रडू नंतर आलं, आधी डोकंच फिरलं.

अकोल्यात जठारपेठेत आम्ही शेजारी वाढलो. सलीम बास्केटबॉल शिकवायचा. मैदान आणि संघ याच शेठचे, कापसाच्या जिनिंगवाल्याचे. कापसावर घर चालेनासं झालेली ती वर्षं. खेळावर नोकरी लागेल या आशेने बाप आपली उंच पोरं सलीमच्या हवाली करायचे. बार्शीटाकळीचा गजानन तसाच आला, आणि असा तयार झाला की मोठ्या शहरातल्या एका व्यावसायिक संघाचा दलाल त्याला बघायला आला. शेठला बैलबाजाराची जुनी सवय. त्याने दलालाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबून भाव ठरवू लागला. गजानन समोरच उभा, घामाने निथळत. लोक हसत होते. सलीमने रुमाल ओढून फेकला.

"बैल हाये का तो? दात पन पाहून घ्या ना!"

"मैदान माहं, पोट्टा माहा," शेठ म्हणाला. "तू शिट्टी वाजव."

आठवडाभरात सलीमसाठी मैदानाला कुलूप लागलं आणि सौदा झालाच. पहिल्याच हंगामात गजाननचा गुडघा गेला. संघाने त्याला एसटीत बसवून परत पाठवलं. शेठ म्हणाला, विकलेल्या मालाची जबाबदारी आपली नाही. माल! सलीमच त्याला अमरावतीच्या डॉक्टरकडे नेत राहिला. बाकीच्या पोरांसाठी त्याने स्वतःच्या घराच्या भिंतीवर रिंग ठोकली आणि शेवटपर्यंत तिथेच शिकवलं. याला कोणी त्याग म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याग कसला... मैदान हिसकावलं होतं त्याचं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी सलीमच्या घरी होतो, तिथे शेठही आला. बसल्या बसल्या म्हणाला, सलीमच्या नावाने चषक ठेवू, खेळाडूंचा जाहीर लिलाव करू, गर्दी होईल. मी ताडकन उठलोच होतो, पण सलीमची बायको, नसरीनभाभी, आधी बोलल्या.

"शेठ, नाव नाही भेटत. लिलावच करा लागते तं सोताच्या नावानं करा."

शेठ न जेवता गेला. बाहेर, आज खेळावं की नाही ते कळेना म्हणून, पोरं चेंडू धरून गुमान उभी होती. भाभींनी दार उघडलं.

"काहून थांबले रे? खेळा."

चेंडू भिंतीवर आदळला आणि आत मांडणीवरची भांडी वाजली. सलीम असताना वाजायची तशीच.