तांबट आळीच्या आवाजाची हरकत

नदीकाठच्या नव्या बांधकामाचा मसुदा लोकांपुढं आल्यापासून जयरामअप्पांचं बूड एका जागी टेकेना. हंडा ऐरणीवर घ्यायचे, चार ठोके द्यायचे, की उठून गल्लीच्या तोंडाशी. तिथून गंगेचा घाट दिसायचा आणि घाटालगतची बंद पडलेली लाकडाची वखार. सिंहस्थ तोंडावर आलेला. वखार आणि तिला चिकटलेली तांबटांची दुकानं पाडून तिथं नवं कसं बांधावं, याची मार्गदर्शक तत्त्वं महापालिकेनं तयार केली होती. देवळाच्या कळसापेक्षा इमारत उंच नको. घाटाकडं उतरणारे बोळ मोकळे राहावेत. पुराचं पाणी चढतं तिथं तळघर नको. हे सगळं अप्पांना पटलं होतं. एकच कलम घशात अडकलं होतं : मोठा आवाज करणारे व्यवसाय काठावर नसावेत, त्यांना लांब अंबडच्या कारखान्यांच्या भागात जागा द्यावी.

"मोठा आवाज म्हणजे आपणच की," ते बायकोला म्हणाले. "दुसरं कोण ठोकतंय इथं?"

"आधी जेवा," मालनबाई म्हणाल्या.

अर्धी पोळी ताटात टाकून अप्पा उठले.

अंबडची शेडही ते पाहून आले. शेड वाईट नव्हती. पण गंगेवर आलेली बाई जाता जाता गळकं घंगाळ पुढ्यात ठेवते, ती तिथवर कशाला येईल? परतताना रिक्षात त्यांचे हात मांडीवर ताल धरत होते. रिक्षावाल्यानं दोनदा वळून बघितलं.

हरकतींच्या सुनावणीला सगळी तांबट आळी गेली. नगररचनेच्या मोहिनी मॅडम एकेकाचं शांतपणे ऐकून घेत होत्या. अप्पांची पाळी आली तेव्हा त्यांना खुर्चीत बसून बोलणंच जमेना.

"गल्लीतला एकही माणूस आमच्या आवाजाला वैतागलेला नाही. मग हे कलम कुणी मागितलं? ज्यानं मागितलं त्यानं समोर यावं!"

मॅडम म्हणाल्या, "सूचना लोकांकडूनच आली. नाव मी सांगणार नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी उठून बोललं. अप्पा मॅडमकडंच बघत राहिले. मग शेजाऱ्यानं त्यांना कोपरानं ढोसलं. ते वळले. त्यांची मुलगी निकिता उभी होती, सातपूरच्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली.

"काय?" अप्पांनी कानामागं हात धरला.

"मी मागितलं, अप्पा!" निकिता ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला. "दोनदा सांगितलं आता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं, तुम्हाला नाही. म्हणून मागितलं!"

अप्पा बाहेर पडले. रामकुंडावरून पलीकडं गेले, पूल ओलांडून परत आले, पुन्हा गेले. निकितानं त्यांना भाजीवाल्यांच्या गर्दीत गाठलं.

"पोटच्या पोरीनं माझं दुकान उठवायचं? घरात विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, हो म्हणालात."

आजवर अप्पांनी कितीतरी लोकांपुढं अशीच, ऐकू न येताच, नुसती मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून तिच्याबरोबर कान तपासायला गेले. ठोक्यांनी गेलेलं ऐकू परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर बापलेक मिळून मोहिनी मॅडमकडं गेले. निकितानं मागणी बदलून दिली : तांबट इथंच राहू देत, पण जाड भिंतींच्या गाळ्यांत, घाटाऐवजी बोळाकडं तोंड करून. ठोकणाऱ्याच्या कानावर आवाज अडवणारी पट्टी हवीच.

अंतिम मसुद्यात बरंचसं उतरलं. जुन्या कारागिरांना तळमजल्यावर गाळे मिळणार होते. किती मोठे ते मात्र ठरलं नव्हतं. बांधकाम होईतो अंबडच्या शेडला पर्याय नव्हता.

आता अप्पा तिथं काम करतात. कानावरच्या पट्टीनं घाम येतो, म्हणून कुरकुरतात. दुपारी बस पकडून गंगेवर येतात, पत्र्याच्या कुंपणाच्या फटीला डोळा लावून खोदलेल्या पायाकडं बघतात. मग मुकादमाला गाठून विचारतात, "बोळ एवढाच ठेवणार? हातगाडी वळेल का इथनं?"

मुकादम सांगतो, "नकाशात आहे तेवढाच."

अप्पा तिथल्या तिथं निकिताला फोन लावतात, "आणखी एक हरकत लिहून दे."