मागं चालायचा कागद

तिकोणा पेठेतून धरणाच्या कडेनं बंगल्यांच्या कॉलनीकडे जाणारा सहा किलोमीटरचा रस्ता रतन ओव्हाळ आणि महिपती हे दोघं गेली सात वर्षं सायकलनं तुडवत होते. दोघंही साठीला टेकलेले. रतन कॉलनीत पाण्याचे पंप चालवायचा, महिपती तिथल्या बागा बघायचा. कधीही बघा, दोघं शेजारी शेजारीच. डावीकडे महिपती, उजवीकडे रतन.

ही काही हौस नव्हती. त्याआधी सव्वीस वर्षं दोघांनी एकाच पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये काढली होती आणि तिथल्या प्रेस मशीननं महिपतीचा डावा कान खाल्ला होता. उजव्यानं जेमतेम ऐकू यायचं. मागून गाडी आली तरी त्याला पत्ता नसायचा. म्हणून रतन त्याच्या चालत्या कानाच्या बाजूला राहायचा. गाडी आली की "गाडी रं" म्हणायचा आणि वेळप्रसंगी त्याच्या दंडाला धरून सायकल सरळ करायचा. शिवाय रस्त्याची कड पावसानं दर वर्षी हातभर खचायची. कडेनं एकटा माणूस चालला की गाडीवाल्याला वाटतं, मावतोय आपण. आणि मग तो अशा बेतानं घुसतो की सायकलवाल्यानं खड्ड्यात तरी जावं नाहीतर देवाघरी. दोघं शेजारी असले की त्याला झक मारत थांबावं लागतं. दोन वेळा कडेच्या खडीत गुडघे फोडून घेतल्यावर रतनला आलेलं हे शहाणपण होतं. काच वर करून थंडगार बसलेल्याला ते कोण समजावणार?

शनिवार-रविवार तर बघायलाच नको. धरण बघायला, गड बघायला, भजी खायला सगळी दुनिया लोटते. रस्ता आमचा, खड्डे आमचे, धूळ आमच्या नाकात, आणि आयत्या बिळावर नागोबा मात्र हॉर्न वाजवत येणार. तरी रतन शक्यतो तोंड उघडायचा नाही. काम टिकवायचं तर तोंड मिटावं लागतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी खिंडीच्या चढावर एक पांढरी मोठी गाडी मागं लागली. हॉर्नवरचा हात निघेना. समोरून विटांचा टेम्पो येत होता, म्हणजे सायकली नसत्या तरी गाडीला पुढं जाता आलं नसतं. टेम्पो गेला, अख्खा रस्ता मोकळा झाला. तरी त्या बहाद्दरानं गाडी अशी चिकटवून काढली की बाजूचा आरसा रतनच्या कोपराला लागला. रतन महिपतीवर कलंडला आणि दोघं सायकलींसकट रस्त्यावर आले.

गाडी पुढं जाऊन थांबली. आतला माणूस उतरला आणि आधी त्यानं काय बघितलं असेल? आरसा. आरशाला काही झालेलं नाही याची खात्री झाल्यावर तो यांच्याकडे वळला. "एका मागे एक चालता येत नाही का? रस्ता काय बापाचा आहे?" रतनच्या कोपरातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्या माणसानं खिशातून मोबाईल काढला, दोघांचा फोटो घेतला आणि निघून गेला.

कॉलनीत पोचल्यावर कळलं की तो अकरा नंबरच्या बंगल्याचा नवा मालक आहे. यांच्याआधी त्याची तक्रार पोचली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. साहेब पन्नाशीचे, अंगानं काटक, बोलायला गोड. त्यांनी दोन कागद छापूनच ठेवले होते. कामावर येताजाता आम्ही सायकली एकामागून एक चालवू, सभासदांच्या वाहनांना अडथळा करणार नाही, केल्यास कामावरून कमी करावे.

"सही करा आणि विषय संपवा," साहेब म्हणाले. "तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे."

महिपतीनं कागद वाचलासुद्धा नाही. सही ठोकली आणि सरळ मनानं म्हणाला, "व्हय साहेब. मी पुडं ऱ्हातो, रतन मागं येईल."

रतननं पेन उचललं नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. साहेबांच्या बोलण्यानं नाही, महिपतीच्या. "उद्या देतो," एवढंच बोलून तो बाहेर पडला आणि सात वर्षांत पहिल्यांदा एकटाच घरी आला.

महिपतीच्या बापाचं नाव दत्तोबा. गावात पहिली सायकल त्याची. कामशेतच्या बाजाराला दत्तोबा सायकलवर निघायचा आणि त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन रतनचा बाप मागं पळायचा. चढाला दत्तोबा उतरून सायकल ढकलायचा, तेवढाच बापाला दम खाता यायचा. उताराला दत्तोबा सायकल सोडून द्यायचा आणि बाप धुळीत पळत सुटायचा. बाजारात दत्तोबा त्याला उसाचा रस पाजायचा, वरून ओंजळीत ओतून. आणि गावभर सांगायचा की आमचा गडी घोड्यागत पळतो. लहानपणी रतन रोज बापाच्या टाचांच्या भेगांत गोडंतेल भरायचा. त्या भेगा दिसल्या की त्याला सायकल या वस्तूचाच राग यायचा.

तरी पहिल्या पगारातून त्यानं घेतली ती सायकलच. पहिल्या दिवशी गावातून निघताना तो महिपतीच्या बरोबरीनं चालवायला लागला आणि ओट्यावरून दत्तोबानं ते बघितलं. म्हातारा उठून घरात गेला. महिपतीला तर त्यात काही विशेष आहे हेच कधी कळलं नाही. तो दिलाचा मोकळा, रतनच्या घरी हक्कानं भाकरी मागून खाणारा माणूस. ज्याच्या घरचं कुणी कधी मागं पळालं नाही, त्याला मागं म्हणजे निव्वळ एक दिशा वाटते.

त्या रात्री रतनची बायको चंपा कोपराला हळद लावताना म्हणाली, "द्या की सई. सई केल्यानं काय अंगाला भोकं पडत्यात?"

"पडत्यात," रतन म्हणाला.

रविवारी सकाळी फाट्यावर महिपती थांबला होता. रात्रभर त्याच्या डोक्यात भुंगा असणार, कारण रतन दिसताच तो म्हणाला, "तुला मागं ऱ्हायचं न्हाई ना, मग तू पुडं हो. मी मागं येतो. झालं?"

रतननं सायकल स्टँडला लावली.

"महिपती, तुला मागचं ऐकू येत न्हाई. तू मागं ऱ्हायलास तर गाडी तुला उडवील आन् मला कळायचंबी न्हाई."

"मग तूच मागं ऱ्हा की. त्यात एवढं काय?"

"एवढं काय?" रतनचा आवाज चढला. "माजा बाप तुज्या बापाच्या सायकलीमागं कामशेतपातूर पळायचा. गाठोडं डोक्यावर घिऊन. तुला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय की. आबा सांगायचे."

"हसत सांगायचे."

हसत सांगायचे हे खरंच होतं, आणि महिपतीही ऐकताना हसला होता.

"मला पुडं बी न्हाई जायचं," रतन म्हणाला. "तुला मागं ठिवून मला काय मिळणार हाय? मी तुज्या शेजारी चालतो, कारन तितं माजी जागा हाय. ती मी कुनाला लिहून देनार न्हाई. त्या साहेबाला न्हाई, आन् तुलाबी न्हाई. आन् तू माजं मागं ऱ्हानं मला न इचारता कबूल करून आलास."

महिपतीनं हँडलची मूठ दोनदा पिळली. मग दोघं निघाले, शेजारी शेजारी.

कॉलनीच्या फाटकात सेक्रेटरीसाहेब नुकतेच पोचले होते. दर रविवारी पुण्याहून मित्र येत आणि साहेब त्यांच्याबरोबर सायकलवर धरणाला चक्कर मारून येत. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, एका बोटानं उचलता येईल अशी हलकी सायकल. चौघं मित्र एका ओळीत गप्पा मारत यायचे आणि मागं त्यांचीच एक गाडी दिवे लावून हळूहळू चालायची. लोक कौतुकानं फोटो काढायचे. रतननंच कितीदा फाटक उघडून त्यांना आत घेतलं होतं.

"आणला कागद?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"साहेब, तुमी चौघं शेजारी चालता," रतन म्हणाला.

"ते वेगळं आहे. आमच्यामागे गाडी असते."

"आमच्याबी मागं गाडीच व्हती की."

मित्रांपैकी एकजण हसला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "जास्त शहाणपणा नको, रतन. सही करणार आहेस की नाही?"

"न्हाई. आमच्या घरात मागं पळून झालंय. आता लिहून द्यायला कोन उरलेलं न्हाई."

साहेब महिपतीकडे वळले आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "तू समजूतदार आहेस. तुझी सही आहे माझ्याकडे. तू कामाला लाग."

महिपतीच्या घरात त्या बागकामावर सून आणि दोन नातवंडं अवलंबून होती. रतन त्याच्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं.

"माजा कागद दावा," महिपती म्हणाला.

साहेबांनी ऑफिसातून कागद आणवला. महिपतीनं फाटकातल्या टेबलावरचं पेन घेतलं, सहीवर कागद फाटेस्तोवर रेघोट्या ओढल्या आणि तो परत दिला. "मी न वाचता सही केलती," तो म्हणाला. "आन् वाचूनबी मला काल कळलं नसतं."

"मग दोघंही उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. "आजही नको."

सकाळचे नऊ वाजले होते. परतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, आणि खिंडीच्या चढाला यांच्यामागंही चार-पाच गाड्या साचून बोंबलत होत्या. महिपतीनं विचारलं, "घरी काय सांगायचं रं?"

"खरं ते सांग," रतन म्हणाला.

महिपतीनं सही खोडली याचा रतनला आनंद व्हायला हवा होता, आणि आत कुठंतरी तो होताही. पण राग त्याहून मोठा होता. मित्राच्या शेजारी चालायचं एवढ्यासाठी दोन म्हाताऱ्यांना हातची भाकर टाकून यावं लागतं, आणि ज्यानं कोपर फोडलं तो या वेळी बंगल्यात चहा पीत असतो. खिंड संपली, उतार लागला, तरी रतनचा राग उतरला नाही. उतरावा असं त्याला वाटतही नव्हतं.